शंकरप्पांच्या गळ्यातली शेंगापोळी

माणसाच्या चालण्यावरून, खोकल्यावरून आणि चहाची बशी धरायच्या पद्धतीवरून त्याला कोणता रोग झाला आहे हे आपण तीन मिनिटांत सांगू शकतो, असं शंकरप्पांचं म्हणणं होतं. सोलापूरच्या एका सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क होते. त्यामुळे हे म्हणणं खोडून काढायची हिंमत हाताखालच्या सात कारकुनांत नव्हती. शंकरप्पांनी कावीळ सांगितली की कारकून आरशात डोळे बघून यायचा आणि 'हो साहेब, जरा पिवळे वाटतात' असं म्हणून टाकायचा. रजेचा अर्ज शेवटी त्यांच्याच टेबलावरून जाणार होता.

ही विद्या त्यांनी एका पुस्तकातून मिळवली होती. जुन्या बाजारात रद्दीच्या ढिगाऱ्यात त्यांना ते सापडलं. पुस्तक जाडजूड होतं, फक्त पहिली चाळीस पानं गेलेली होती. त्या चाळीस पानांत तोंडापासून छातीपर्यंतचे सगळे रोग असावेत, कारण उरलेलं पुस्तक एकदम जठरापासून सुरू होत होतं. त्यामुळे माणसाला जठराच्या वर रोग होतच नाहीत, अशी शंकरप्पांची प्रामाणिक समजूत होती. जावक कारकून कुंडलिकची कंबर दुखायला लागली तेव्हा त्यांनी मूतखडा सांगितला. कुंडलिक महिनाभर पाणी पिऊन पिऊन बेजार झाला. शेवटी त्याच्या खुर्चीचा पाय आखूड आहे असं निघालं. पण तोवर खडा विरघळला असं जाहीर झालेलं होतं.

स्वतः शंकरप्पा मात्र ठणठणीत होते. निदान त्यांचं स्वतःबद्दल तसं मत होतं. दुपारचा डबा खायला त्यांना पाऊण तास लागायचा. एक घास, तो बत्तीस वेळा चावायचा, वर एक घोट पाणी, मग छातीवर दोन बोटं टेकवून जरा थांबायचं, मग पुढचा घास. भाकरीचा आमटीत पार चिखल झाल्याशिवाय ते तिला हात लावत नसत. केळंसुद्धा ते चमच्यानं खात. शेजारी कुंडलिक चार भाकऱ्या, कांदा आणि ठेचा पाच मिनिटांत संपवून ढेकर द्यायचा, तेव्हा शंकरप्पा त्याच्याकडे कीव करून बघायचे.

"कुंडलिक, तू गिळतोस. मी जेवतो. याला शिस्त म्हणतात."

"व्हय साहेब," कुंडलिक म्हणायचा. "पण तुमची शिस्त हुईस्तवर माझी पुन्हा भुकेची येळ हुती."

या शिस्तीला काही जोडीदारही होते. शेंगाची चटणी खाल्ली की ओठ खाजत, ते तिखटामुळे. पहाटे उठल्यावर वीस-पंचवीस शिंका येत, त्या गिरणीच्या सुतामुळे. अंगावर पित्ताच्या गांधी उठत, त्या नळाच्या पाण्यामुळे. लहानपणी दमा होता, तो कुणाची तरी दृष्ट लागल्यामुळे. चार तक्रारी चार वेगवेगळ्या फायलींत नीट बांधून ठेवलेल्या होत्या, आणि एका फायलीचा दुसरीशी संबंध लावायचा नाही हा तर कचेरीचा मूळ नियमच.

तो नियम मोडणारी एकच व्यक्ती घरात होती. त्यांची मुलगी महादेवी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि इस्पितळाच्या होस्टेलात राहायची. रविवारी घरी आली की ती बापाच्या ताटाकडे बघत बसायची.

"अप्पा, घास अडकतो का तुमचा?"

"अडकत नाही. मी त्याला थांबवतो."

"मग छातीवर बोटं का ठेवता?"

"तो थांबलाय का ते बघायला. महादेवी, तू अजून शिकतेयस. मी वीस वर्षं लक्षणं बघतोय."

"दुसऱ्यांची," महादेवी म्हणायची. आई, म्हणजे गंगम्मा, स्वयंपाकघरातून खोकल्यासारखं हसायची.

अठ्ठ्याहत्तर सालच्या माघात महादेवीला मंद्रूपचं स्थळ आलं. मुलगा चन्नवीर, शाळेत मास्तर. बाप संगप्पा, बारा बैलांचा बारदाना असलेला शेतकरी. गावात त्याचं म्हणणं म्हणजे शेवटचं म्हणणं. मुलगा-मुलीनं एकमेकांना पाहिलं, पसंती झाली, आता फक्त बोलणी राहिली होती. जायच्या आदल्या रविवारी महादेवी बापासमोर येऊन बसली.

"अप्पा, मुलगा मला आवडलाय. पण माझे नऊ महिने राहिलेत. लग्न झालं की होस्टेल सोडावं लागतं. परीक्षेच्या आधी लग्न म्हणजे तीन वर्षं पाण्यात. मला नर्स व्हायचंय अप्पा, अर्धी नर्स नाही. एवढं एकच त्यांना ठाम सांगा. बाकी काय ठरवायचं ते ठरवा."

तिचा आवाज शेवटी जरा कापला. पोरीवर शंकरप्पांचा फार जीव होता, आणि इंजेक्शनची सुई बघून आपल्याला घाम फुटतो तिथं ही दिवसाला चाळीस टोचते, याचा त्यांना मनातून अभिमान होता.

"सांगतो म्हणजे काय? त्या संगप्पाला तीन मिनिटांत गप्प करतो की नाही बघ."

खरी गोष्ट अशी होती की शंकरप्पांनी जन्मात कुणाला गप्प केलेलं नव्हतं. खालच्यांना गरज नव्हती आणि वरच्यांपुढे सोय नव्हती. संगप्पाच्या मिशा त्यांनी पहिल्या भेटीत पाहिल्या होत्या. तेव्हापासून 'परीक्षेनंतर लग्न' हे दोन शब्दांचं वाक्य ते न्हाणीघरात पाठ करत होते.

गुरुवारी ते एस.टी.नं मंद्रूपला निघाले. बरोबर गंगम्मा, आणि आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून कुंडलिक. कुंडलिकला बोलणीतलं कळत होतं असं नाही. पण शेंगापोळीचं जेवण आहे एवढं त्याला कळलं होतं आणि त्यानं तेवढ्यावर किरकोळ रजा टाकली होती.

संगप्पाच्या घरात एक रीत होती. बोलणी व्हायची ती ताटावर. भरल्या ताटासमोर माणूस खोटं बोलत नाही, असं त्याच्या आज्जानं म्हणून ठेवलं होतं. पंगत बसली की घरच्या कर्त्यानं हात धुतल्याशिवाय कुणी उठायचं नाही. ताटात कण टाकायचा नाही, ते अन्न म्हणजे प्रसाद. आणि मधेच ताटावरून उठणारा पाहुणा म्हणजे सोयरीक मोडून चाललेला पाहुणा. ही रीत संगप्पानं पाट मांडतानाच समजावून सांगितली. शंकरप्पांनी मान डोलावली आणि पाण्याचा तांब्या स्वतःजवळ ओढून घेतला.

बायका आत, पुरुष ओसरीवर. संगप्पाची बायको चंद्रव्वा वाढायला आली. ताटात हाताएवढ्या दोन शेंगापोळ्या, वर तुपाची धार, एका वाटीत दूध, दुसरीत आमटी. शंकरप्पांनी सवयीप्रमाणे पोळीचा तुकडा मोडून आमटीच्या वाटीकडे नेला.

"अय्यो, शेंगापोळी आमटीत बुडिवता?" चंद्रव्वा म्हणाली. "पाव्हणं, तिला तूप लावून खात्यात. ऊटा माडरी, सावकाश जेवा. पण तशीच खावा."

चंद्रव्वा समोरच उभी राहिली. शंकरप्पांनी तुकडा माघारी आणला. आमटीशिवाय, चिखलाशिवाय, उघड्या माळावर लढाईला उतरावं तसा त्यांनी तो तोंडात घातला. गूळ आणि शेंगदाण्याचं कूट टाळूला चिकटलं. ओठ खाजू लागले. आठ वेळा चावून झालं होतं, चोवीस बाकी होते, आणि नेमका तेव्हाच संगप्पा बोलला.

"बोला की पाव्हणं. तुमचं काय म्हणणं?"

आता उत्तर द्यायचं तर तोंड रिकामं हवं. शंकरप्पांनी उरलेले चोवीस माफ केले आणि घास तसाच गिळला.

घास गेला, तो छातीच्या मधोमध जाऊन बसला. सरकारी खुर्चीत माणूस बसतो तसा बसला. वरही येईना, खालीही जाईना. शंकरप्पा घाईघाईनं दोन मोठे घोट पाणी प्यायले. पाणी खाली गेलं, वाट बंद आहे असं बघितलं, आणि सरळ परत तोंडात आलं. दोन्ही गाल फुगले. आता तोंड उघडलं असतं तर पाणी, लाळ आणि शेंगापोळी सगळं व्याह्यांच्या प्रसादाच्या ताटात पडलं असतं. थुंकायला उठलं तर सोयरीक मोडली. शंकरप्पा ओठ घट्ट मिटून संगप्पाकडे एकटक बघत राहिले.

संगप्पा म्हणाला, "तुमी बोलत न्हाई तर मी बोलतो. लगीन ह्याच वैशाखात. पोरीचं शिक्षण झालं तेवढं बास झालं. सुनंला नोकरी लावायची आमाला गरज न्हाय."

हीच ती वेळ होती. 'परीक्षेनंतर लग्न.' पाठ केलेलं वाक्य आत तयार उभं होतं, पण त्याच्यासमोर शेंगापोळी बसलेली. शंकरप्पांच्या डोळ्यांसमोर महादेवीचा चेहरा आला. डोळे लाल झाले. ते बघतच राहिले.

चन्नवीरनं घास हातातच धरला.

"सोमवारचं मौन हाय का यांचं?" संगप्पानं कुंडलिकला हळूच विचारलं.

"आज बेस्तरवार हाय," कुंडलिक म्हणाला. तो तिसऱ्या पोळीवर होता. पण साहेबांची बाजू सांभाळायला आपल्याला आणलंय हे त्याला आठवलं. "आमचं साहेब असंच करत्यात. पटलं न्हाई की बोलतच न्हाईत. कचेरीत एकदा वरचा साहेब घाबरून खोली सोडून गेला हुता."

असं कधीही झालेलं नव्हतं. पण संगप्पाच्या मिशा जरा खाली आल्या.

"बरं बरं. पोरीची परीक्षा हुंदे. लगीन फुडच्या माघात धरू. मग तर झालं?"

झालं! जे मिळवायला आले ते मिळालं. शंकरप्पांनी आनंदानं मान डोलवायला घेतली, आणि तेवढ्यात आतून उबळ आली. ती दाबायला त्यांनी मान जोरात डावीकडून उजवीकडे हलवली.

"न्हाय म्हणत्यात," चन्नवीर कुजबुजला.

"लगीन तुमच्या दारात नको, आमच्या दारात लावू," संगप्पा म्हणाला. "मग?"

शंकरप्पांनी गंगम्माला हाक मारायला हात वर केला. संगप्पाला तो 'थांबा, अजून पुढे या' असा दिसला.

"मांडव आमचा. जेवणावळ आमची."

घास हलावा म्हणून शंकरप्पांनी छातीवर मूठ आपटली. दोनदा.

"छातीला हात लावून सांगत्यात," कुंडलिक म्हणाला. आता त्यालाही साहेबांचा आदर वाटू लागला होता. "त्यांच्या मनात लई हाय, पण ते मागायचं न्हाईत. तुमीच समजून घ्या."

"वाजंत्री सोलापुरातनं आणू. आमच्याकडनं." संगप्पाच्या कपाळावर घाम आला. पंचक्रोशीत आजवर त्यानं असा माणूस पाहिला नव्हता. शिव्या देणारे पाहिले होते, रडणारे पाहिले होते. पण गाल फुगवून, लाल डोळ्यांनी, पापणी न हलवता बघणारा बाप पहिलाच. त्या डोळ्यांतून आता घळाघळा पाणी वाहू लागलं होतं.

"पोरीच्या बापाचं काळीज," चंद्रव्वा पदर डोळ्यांना लावून म्हणाली.

शंकरप्पांचा बांध फुटायला आला होता. रीत, प्रसाद, सोयरीक, सगळं खड्ड्यात घालून ते ताटावरून ताडकन उठले आणि मागच्या दाराकडे पळाले. संगप्पा खरकट्या हातानं त्यांच्या मागं धावला.

"पाव्हणं, असं जाऊ नका! वऱ्हाडाला दोन एस.ट्या लावतो. आमच्या खर्चानं. माघारी फिरा!"

परसात गोठ्याच्या आडोशाला शंकरप्पा वाकले. तिथं काय झालं ते एका म्हशीनं आणि गलका ऐकून बाहेर आलेल्या गंगम्मानं पाहिलं. म्हैस सभ्य होती. गंगम्मानं पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "तरी मी म्हणत होते, एवढी मोठी पोळी." पाच मिनिटांनी शंकरप्पा तोंड धुऊन, पंच्यानं डोळे पुसून ओसरीवर आले. सगळे उभे होते. संगप्पानं हात जोडले होते.

शंकरप्पा भरल्या आवाजात म्हणाले, "आता बरं वाटलं."

एवढं ऐकायचा अवकाश, सुपारी फुटली.

परतीच्या एस.टी.त कुंडलिकनं खिडकीपाशी बसून हातच जोडले. "साहेब, मी लई बोलणी बघितली. वेळापुरापासनं अक्कलकोटापर्यंत. पण एक शब्द न बोलता दोन एस.ट्या काढणारा माणूस बघितला न्हाई."

शंकरप्पा खरं सांगणार होते. पण घसा सोलवटला होता, आणि कौतुक तर आयतं येत होतं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बोलणीत बोलायचं नसतं, कुंडलिक. तेच तर लोकांना कळत नाही." दुसऱ्या दिवशी कचेरीत हे वाक्य सात टेबलांवर फिरलं. आठवड्याभरात शंकरप्पांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला. शेंगापोळी अडकली होती हे खरं, पण आपण गप्प राहिलो ते धोरण म्हणून, असं ते आता गंगम्मालाही सांगू लागले. गंगम्मा गोठा पाहून आलेली बाई, ती फक्त पोळी बारीक मोडून वाढू लागली.

महादेवीला नऊ महिने मिळाल्याचं कळलं तेव्हा ती बापाच्या गळ्यात पडली. मग आईनं तिला स्वयंपाकघरात नेऊन उरलेली हकिगत सांगितली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा वॉर्डातला झाला होता.

"अप्पा, किती वेळ अडकलं होतं?"

"काय अडकलं होतं?"

"पाणी परत आलं ना तोंडात? शेंगा खाल्ल्या की ओठ खाजतात. पहाटे शिंका, अंगावर गांधी, लहानपणी दमा. आणि घास उतरत नाही म्हणून पाऊण तास जेवण. अप्पा, ही शिस्त नाही. हे सगळं एकाच घरातलं आहे. तुमच्या अन्ननलिकेला आतून सूज असणार."

"महादेवी," शंकरप्पा गंभीरपणे म्हणाले, "माझ्या पुस्तकात असा रोग नाही."

"तुमच्या पुस्तकाला गळाच नाही अप्पा."

पण शंकरप्पा इस्पितळात जायला तयार होईनात. रोग आहे म्हटलं की धोरण गेलं. आणि धोरण गेलं की उरला तो साधा हेडक्लार्क. हे त्यांना परवडणारं नव्हतं. शेवटी पंधरा दिवसांनी कचेरीत कुणाला तरी मुलगा झाला, त्याची शेंगदाण्याची चिक्की वाटली गेली, आणि साडेअकराला अडकलेली चिक्की दीड वाजेपर्यंत हलली नाही. त्या दोन तासांत तीन कारकुनांनी आपला रजेचा अर्ज मागे घेतला. साहेब बोलेनात, म्हणून पुढचे दोघं आपल्या बदलीला तयार झाले. शेवटी कुंडलिकच्याच लक्षात आलं की आज तर बोलणी नाहीत. त्यानं साहेबांना रिक्षात घातलं आणि महादेवीच्या इस्पितळात नेलं.

चिक्की वाटेत रिक्षाच्या धक्क्यांनी सुटली. पण महादेवीनं बापाला परत जाऊ दिलं नाही. रक्त तपासायला घेतलं, सुई बघून शंकरप्पांना घाम फुटला, आणि चार दिवसांनी अन्ननलिकेचा एक्स-रे फोटो काढायला बोलावणं आलं. त्या दिवशी महादेवी डॉक्टरांबरोबर कामावर होती. पांढऱ्या कपड्यांत, हातात केसपेपर आणि पेन्सिल. शंकरप्पा बाकावर, शेजारी आधाराला कुंडलिक. आणि दारातून, खांद्यावर पोतं टाकून, संगप्पा आत आला.

"ज्वारी घिऊन बाजारात आलो हुतो. कचेरीत गेलो तर कळलं व्याही आजारी." त्यानं पोतं खाली ठेवलं. "तुमच्यासाठी शेंगा आणल्यात. ताकदीला बऱ्या."

डॉक्टरांनी पोत्याकडे पाहिलं आणि रक्ताचा कागद वर केला. "अॅलर्जीच्या पेशी चौपट आहेत. दम्यात छातीतल्या नळ्यांचं जे होतं, तसंच काहीतरी यांच्या अन्नाच्या नळीचं झालेलं दिसतं. सूज येते, वाट अरुंद होते, घास अडकतो. याला अजून नीट नावसुद्धा दिलेलं माझ्या वाचनात नाही."

नाव नाही, म्हणजे पहिली चाळीस पानं असती तरी सापडला नसता. शंकरप्पांना तेवढ्यातही जरा बरं वाटलं.

"आता मला सांगा," डॉक्टर म्हणाले, "याआधी असं मोठं कधी अडकलं होतं? कधी, काय खाताना, किती वेळ? नीट सांगा. कोणता पदार्थ बंद करायचा ते त्यावर ठरणार आहे."

शंकरप्पांनी संगप्पाकडे बघितलं. संगप्पा आदरानं त्यांच्याकडे बघत होता. खरं सांगितलं तर मंद्रूपची सगळी बोलणी एका पोळीवर झाली हे उघडं पडणार. 'फसवलंत' म्हणून संगप्पा उठला, तर पोरीचे नऊ महिने गेले. शंकरप्पांच्या गळ्यात या वेळी काहीही अडकलेलं नव्हतं, तरी ते गप्प बसले. तो त्यांच्या आयुष्यातला पहिला खरा ठामपणा असावा.

"नाही," ते शेवटी म्हणाले. "कधीच नाही."

महादेवीची पेन्सिल कागदावर थांबली. तिनं बापाकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे. मग तिनं मान खाली घातली आणि लिहीत लिहीतच मोठ्यानं सांगितलं, "मागच्या महिन्यात गुरुवारी. मंद्रूपला, बोलणी चालू असताना. शेंगापोळी आणि दूध. पाणीसुद्धा परत आलं, बोलता येत नव्हतं. साधारण पाव तास, मग उलटी झाल्यावर सुटलं." ती क्षणभर थांबली. "केसपेपरवर खोटं लिहिता येत नाही, अप्पा."

शंकरप्पांनी डोळे मिटले. कुंडलिक चपलेचा अंगठा बघू लागला. संगप्पा शेंगांच्या पोत्यावर टेकला.

"म्हंजे," तो हळूहळू म्हणाला, "तुमी गप हुता ते पोळीमुळं."

शंकरप्पांनी मान हलवली. या वेळी त्या हलवण्याचा अर्थ कुणी लावायची गरज नव्हती.

"आन मी एस.ट्या कबूल केल्या त्या पोळीला."

"मामा," महादेवी म्हणाली, तिचा आवाज अगदी बारीक झाला होता, "माझ्या परीक्षेचं तेवढं—"

"तुझ्या परीक्षेचं काय?" संगप्पानं तिच्याकडे आश्चर्यानं पाहिलं. "ते तर आमच्या घरात आदल्या दिवशीच ठरलं हुतं. चंद्रव्वानं सांगितलं, पोरीला पुरी नर्स हुंदे, मगच घरात आणा. गावात बाई अडली तर सोलापूर गाठस्तवर बैल थकत्यात. तुझा बाप 'परीक्षा हुंदे' म्हणाला असता की मी लगीच 'व्हय' म्हणणार हुतो."

"मग वैशाख कशाला म्हणालात?" शंकरप्पांच्या तोंडून निघून गेलं.

"पयल्यांदा 'न्हाय' म्हणावं लागतंय की ओ. लगीच 'व्हय' म्हणलं की लोक म्हणत्यात पोरातच खोट हाय." संगप्पा उठला, पोतं परत खांद्यावर टाकलं. तो आता चांगलाच हलका झाला होता. मिशाही जागेवर आल्या होत्या. "पोरीचं शिक्षण माझा शब्द. त्यात बदल न्हाय. पर दार, मांडव, जेवणावळ, वाजंत्री आन दोन एस.ट्या, हे मी एका बोलणाऱ्या माणसाला भिऊन दिलं न्हवतं. न बोलणाऱ्याला भिऊन दिलं हुतं. आन तो तर नव्हताच तिथं. तवा ते सगळं रीतीपरमानं तुमच्याकडं. काय म्हणता व्याही?"

महादेवीचा जीव भांड्यात पडला होता आणि ती पेन्सिल तोंडाशी धरून हसू दाबत होती. शंकरप्पांच्या डोळ्यांपुढे मात्र मांडव, पाचशे पानं, वाजंत्री आणि मंद्रूपहून भरून येणाऱ्या दोन एस.ट्या उभ्या राहिल्या. धोरण गेलं ते गेलं, पण निदान अर्धी वाजंत्री तरी वाचवायला हवी होती. सांगण्यासारखं त्यांच्याकडे बरंच होतं, आणि घसाही आज मोकळा होता. ते उभे राहिले, त्यांनी छातीभर श्वास घेतला, तोंड उघडलं.

डॉक्टरांनी त्या उघड्या तोंडाला पांढऱ्या, खडूसारख्या औषधाचा ग्लास लावला आणि अर्धा आत ओतला. "हं, आता फोटो. हे तोंडात धरून ठेवा. मी सांगेपर्यंत गिळायचं नाही, आणि एक शब्दही बोलायचा नाही. बाकीचे बाहेर चला."

शंकरप्पा गाल फुगवून, लाल डोळ्यांनी संगप्पाकडे बघत राहिले. दोन्ही हात जोरजोरात हलवू लागले.

"हात हलवू नका," डॉक्टर म्हणाले.

संगप्पा दारात थांबला. त्यानं शंकरप्पांना एकदा नीट न्याहाळलं आणि कुंडलिकच्या खांद्यावर हात ठेवला.

"गप बसल्यात म्हंजे व्याह्यांना मान्य हाय. कुंडलिकराव, तुमी साक्षीदार."

"व्हय की," कुंडलिक म्हणाला.

दार बंद झालं, फोटोसाठी खोलीतला दिवा मालवला गेला, आणि डॉक्टर म्हणाले, "गिळा." शंकरप्पांनी गिळलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच सगळं एका दमात, कुठंही न अडकता, सरळ खाली गेलं.